बिनभात्याचा ऑर्गन

१

आमच्या देवासच्या मराठी समाजाचा ऑर्गन उंदरांनी खाल्ला, तिथून हे सगळं सुरू झालं. सगळा नाही खाल्ला. लाकूड, पट्ट्या, आतल्या पितळी जिभा जागच्या जागी होत्या. मेल्यांनी नेमकं भात्याचं कातडं कुरतडलं होतं. पाय कितीही मारले तरी हवा खालच्या खाली फुस्स होऊन जाई. गणपतीतलं नाटक दोन-अडीच महिन्यांवर आलं होतं, आणि इंदूरहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने ऑर्गनकडे एकदा बघून ‘अब इसको बैठक में सजा दो, अंकल’ एवढाच सल्ला दिला होता.

नाटक उदाजीराव बसवत. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. उदाजीराव स्वतः शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, पण बोलणं अजून दरबारातलं. कोणीतरी कीबोर्डचं नाव काढलं तर म्हणाले, “त्यापेक्षा कुल्फीवाल्याची घंटी आणा. आणि पेटी भजनाला ठीक. नांदीला ऑर्गनच हवा. नसेल तर यंदा गद्य नाटक करू, विषय संपला.”

विषय त्यांचा संपला, माझ्या घरात सुरू झाला. माझी बायको नीरजा धारची. माहेरी वडील ऑर्गन वाजवत आणि ही शेजारी उभी राहून गाई. लग्न होऊन कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आली आणि तिचं गाणं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये कुठेतरी राहून गेलं. मुलगी किमया शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि इतक्या वर्षांनी यंदा तिला मुख्य भूमिका मिळाली होती. नांदीही तीच म्हणणार होती. त्या दिवशी ती सभेहून आली आणि चपला न काढता खुर्चीवर बसून राहिली.

मी टूलरूममधला माणूस. पाचला कारखान्यातून घरी, चहा, मग माझी गिटार. हवाइयन गिटार पुष्कळांनी पाहिली असेल, आडवी ठेवून तारांवर स्टीलचा रॉड फिरवतात ती. मी तिला चार पाय लावले होते आणि भंगारातल्या सळ्या जोडून खाली पेडलं बसवली होती. पेडल दाबलं की तार ताणली जाते, सूर वर चढतो. शेजारी तिला ‘इस्त्रीचं टेबल’ म्हणत.

नीरजाचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हणालो, “चपला काढ. ऑर्गन मी वाजवतो. याच टेबलावर.”

२

बोलायला काय जातं? तार आणि ऑर्गन यांचं जन्माचं वाकडं. तार छेडली की आधी ‘टण्’ होतं, मग सूर विरत जातो. ऑर्गनला टण् नाही आणि तो विरतही नाही. म्हणजे सुरुवात लपवायची आणि शेवट लांबवायचा.

सुरुवात लपवणं सोपं निघालं. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं पेडल असतं. ते बंद ठेवून तार छेडायची, टण् मुकाट गिळायचा आणि मग पाय हळू दाबत सूर बाहेर काढायचा. तार विरायला लागली की पाय आणखी दाबायचा. तारा छेडायला बोटांत घालतात त्या नख्या काढून टाकल्या, बोटांच्या मांसाने तीन-तीन तारा एकदम छेडू लागलो. ऑर्गनचा सूर जसा हलका थरथरतो, त्यासाठी लाकडी खोक्यात स्पीकर बसवला आणि त्याच्यासमोर तेलाच्या डब्याचा, बाजूला फट पाडलेला पिंप कूलरच्या मोटरवर फिरत ठेवला. पुढून जुन्या साडीचं कापड ताणून ठोकलं. टूलरूममधल्या पोरांना दाखवलं तर म्हणाले, “भिया, ये तो कमाल कर दिया आपने.”

नीरजाने ऐकलं आणि मान हलवली. “आवाज तसाच आहे हो. पण जिवंत नाही.”

“म्हणजे काय? टेबल आहे ते, जिवंत कसं असेल?”

“ऑर्गन आधी भरतो, मग वाजतो. बाबा वाजवायचे तेव्हा मला पाठ फिरवून उभी असतानाही कळायचं, आता भरतोय, आता रिता होतोय. तुमचा पाय नुसताच खाली-वर होतो.”

मी चिडलो. मी फार लवकर चिडतो. मग तिनेच तोड काढली. पाटावर माझ्यासमोर बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, “माझ्याकडे बघा. मी श्वास घेते तेव्हा दाबा. मी सोडते तेव्हा सोडा.”

पुढचे कितीतरी दिवस आमचा तोच उद्योग चालला. तिच्या पदराखाली छाती भरून येई आणि माझा पाय खाली जाई. ती श्वास सोडी आणि माझा पाय वर येई. तिच्या तोंडात गळ्यासाठी कायम लवंग असे, तिचा वास खोलीत भरून राही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी तिच्याकडे इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं. खरं सांगतो, मी फार सुखात होतो.

हळूहळू तिच्याकडे बघायची गरज उरली नाही. पाय आपोआप तिच्या चालीने चालू लागला.

३

उदाजीरावांना ऐकवायला मी कॅसेट भरली. नीरजा त्या दिवशी धारला आईकडे गेली होती. घरात मी एकटा. खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि नांदीची चाल पूर्ण वाजवली.

ऐकताना लक्षात आलं की प्रत्येक सूर उमटायच्या आधी बारीकसा आवाज येतोय. कुणी नाकाने श्वास ओढावा तसा. मला वाटलं, माझाच असेल. माइकसमोर वाजवताना माणूस फुसफुसतो. दुसऱ्यांदा भरताना मी श्वास रोखून धरला. आवाज होताच. मग हिशेब मांडला, पिंप फिरतो म्हणजे हवा ओढणारच. कापडासमोर कागद धरला तर तो आत ओढला गेला. झालं, विज्ञान जिंकलं. मी चहा टाकला.

चहा पिता पिता आठवलं की वाजवून झाल्या झाल्या मोटर मी बंद केली होती. कागद धरला तेव्हा पिंप स्थिर होता.

मनाशी म्हटलं, वारा असेल. खिडक्या बंद होत्या हे मला माहीत होतं. पण माणूस स्वतःशी भांडायला लागला की सोयीचं तेवढंच ऐकतो.

उदाजीरावांनी कॅसेट ऐकली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा ऐकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरविंदराव, आपण कारखान्यासाठी इथे आलेले, बाहेरचे, म्हणून आम्ही आपली किंमत केली नाही. पण एक सांगा, भाता कुठे लपवलात?”

“भाता नाहीच. तारा आहेत नुसत्या.”

“थट्टा करता. लहानपणापासून ऑर्गनशेजारी बसलोय मी. हा भाता आहे, आणि चांगला पोसलेला आहे.”

४

नीरजा धारहून आली ती थकून. जिना चढून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बसला... गर्दी होती... फार.” मी पिशवी घेतली. वय झालं, म्हटलं. माझंही होतंय.

पण ते तुटक बोलणं राहिलं. वाक्याच्या मध्येच ती थांबे, दाराशी कुणी आलंय का असं बघावं तशी बघत राही आणि मग पुढचं बोले. रविवारी किमयाचा फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिने मला मागून घेतलं. “बाबा, आई इतकी दमून का बोलतेय? डॉक्टरना दाखवा ना प्लीज.”

दाखवलं. इंदूरला नेलं. छातीचा फोटो काढला, फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावलं. डॉक्टर तरुण होता, हसून म्हणाला, “आंटीजी के फेफड़े तो एकदम साफ हैं. टेन्शन मत लो.” बसमध्ये नीरजा खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिच्या छातीकडे बघत राहिलो. ती भरत होती, पण जेमतेम. वर येऊन मध्येच थबके आणि खाली जाई.

संध्याकाळी मी रियाजाला बसलो. ती स्वयंपाकघरात होती. मी पेडल दाबलं आणि तिने आतून मोकळ्या गळ्याने हाक मारली, “अहो, आज भरली वांगी करू की पिठलं?” एका दमात. मला इतका आनंद झाला की मी वाजवतच राहिलो. गाणाऱ्या माणसाला सूर कानावर पडला की बरं वाटणारच, अशी मी माझी समजूत घातली.

५

मग तो रविवार आला. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, आमच्याकडे लाइट दिवसात इतक्यांदा जाई की लाइट येण्याचीच बातमी व्हायची. भर दुपारी मी वाजवत होतो आणि गेली. वरचा पंखा मंदावला. मोटर गुरगुरत थांबली. अँप्लीफायरचा तांबडा दिवा विझला. माझी बोटं तारांवरून केव्हाच उचललेली होती.

सूर चालू होता.

मोठा नाही. शेजारच्या घरात कुणी लावल्यासारखा, खर्जातला आणि भरलेला. मी खोक्याकडे बघितलं. साडीचं कापड सावकाश बाहेर फुगलं, थांबलं आणि सावकाश आत गेलं. माझा पाय पेडलवर होता आणि कापड त्याच्याबरोबर चाललं होतं.

मी घाबरून पाय उचलला. सूर थांबला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाजही थांबला.

“नीरजा?”

मी आत गेलो. ती ओट्याला धरून उभी होती, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. खोकत नव्हती, गुदमरल्यासारखी धडपडत नव्हती. नुसती उभी होती. श्वास कसा घ्यायचा तेच आठवत नसावं अशी. मी पाठ चोळली, पाणी पुढे केलं, तिचे खांदे धरून हलवले. ओठ काळसर व्हायला लागले. मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही, कारण विचार केलाच नाही. पळत खोलीत गेलो आणि पेडलवर पाय दिला.

स्वयंपाकघरातून एक लांब श्वास ऐकू आला.

पुष्कळ वेळाने मी भीत भीत पाय काढला. या वेळी तिचं तिला जमलं. पोळी करपली होती. ती म्हणाली, “चक्कर आली जरा.” मी हो म्हटलं.

६

मी गिटारवर चादर टाकली. वाजवणं बंद म्हणजे बंद. नाटक गेलं खड्ड्यात.

नीरजा करडी पडत गेली. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. पुन्हा डॉक्टर, पुन्हा साफ फोटो. एका दवाखान्यात नाकाला प्राणवायूची नळी लावली, पण वायू नाकाशी सुसू करत राहिला आणि छाती हलायला तयार नव्हती. घरी आणलं. कॉटवर पडल्या पडल्या ती चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, “वाजवा ना... थोडं. बरं... वाटतं.”

मी वाजवलं. तिच्या गालावर रंग आला. उठून बसली आणि तिने चहा मागितला. मी हात जोडून रडलो. कुणाला जोडले ते माहीत नाही.

आधी सकाळ-संध्याकाळ पुरायचं. मग दुपारीही लागू लागलं. मी रजा टाकली. रात्री कॉट गिटारशेजारी ओढून घेत असे.

एका सकाळी ती बरी असताना मी पक्कड घेतली आणि सगळ्या तारा काढल्या. अँप्लीफायरची वायर उपटली. आता हे टेबल होतं, शेजारी म्हणत तसं. तरी पेडल दाबलं. कॉटवर नीरजाची छाती भरली. सोडलं. रिकामी झाली.

मग खोक्याची मागची फळी उघडली. पेच मीच बसवले होते, खोका मीच कापला होता. वीतभर खोल. आतून लाकूड ओलसर आणि कोमट लागलं. स्पीकर चाचपायला मी हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. बोटांना काही लागलं नाही. वाकून बघितलं तर समोरचं कापड होतं तसंच होतं, सपाट आणि बंद. माझ्या हाताभोवतीची हवा आत ओढली गेली, थांबली आणि परत आली. तिला लवंगेचा वास होता.

मी फळी लावली आणि पेच घट्ट केले. हात साबणाने धुतला, पुन्हा पुन्हा धुतला. खोका फोडायचं एकदाही मनात आलं नाही. तिचं जे काही होतं ते आत होतं.

नीरजा जागी होती. बघत होती. मी परत पेडलशी येऊन बसलो, आणि पाय चालू होता म्हणून ती पूर्ण वाक्य बोलली, “मला नाटक करायचंय.”

“वेड लागलंय तुला?”

“असं घरात पडून पडून विझायचं, त्यापेक्षा गाऊन घेते. तारा पुन्हा लावा तुम्ही.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिला मागण्यासारखं दुसरं काय उरलं होतं? मी तारा लावल्या.

७

मंडप खच्चून भरला होता. टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन आलेली माणसं मागे उभी होती. मला विंगेत बसवलं होतं, खोका शेजारी. दुसऱ्या बाजूने उदाजीरावांनी मान डोलावली.

पडदा वर गेला आणि मी पाय दाबला.

ती गायली. कशी गायली ते मला नीट सांगता येत नाही, मला तिच्या बरगड्यांखेरीज काही दिसत नव्हतं. तान संपायची वाट बघावी तर ती संपेना, तिच्यातूनच पुढची ओळ निघे. दोन ओळींच्या मध्ये ती श्वास घेत नव्हती. तिला लागतच नव्हता. माझा पाय खाली गेला की तिचा आणि खोक्याचा सूर एकच होऊन बाहेर पडत होता, आणि कापड फुगत होतं, पूर्वी कधी फुगलं नव्हतं तेवढं. मला पाय सावकाश चालवायचा होता. पुरवून वापरायचं होतं. पण गाणं पुढे धावत होतं आणि पाय त्याच्या मागे.

समोरच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “काय दमसास आहे बाईचा!” टाळ्या थांबेनात. उदाजीराव उभे राहून डोळे पुसत होते.

पुढचं नाटक कसं पार पडलं ते देवाला ठाऊक. ती गाई, बोले, हसे. जिथे संगीत नव्हतं तिथेही मी अँप्लीफायरचा आवाज पार बारीक करून पाय चालू ठेवला. एका प्रवेशात पायाला पेटका आला आणि क्षणभर लय चुकली. रंगमंचावर ती बोलता बोलता थांबली आणि समोरच्या नटाकडे बघत राहिली. लोकांना तो अभिनय वाटला. त्यालाही टाळ्या पडल्या.

८

पडदा पडला. माणसं आत आली, हार आले, पेढे आले. नीरजा माझ्या शेजारी लाकडी पेटीवर येऊन बसली. येणाऱ्याला हसून नमस्कार करत होती. उदाजीरावांनी तिच्यापुढे हात जोडले. “बाई, आपल्या वडिलांचा ऑर्गन आज ऐकला.”

मग गर्दी पांगली. मंडपवाला वायरी गुंडाळत माझ्यापर्यंत आला. “भिया, ये भी खोल लूँ? अपने को इंदौर निकलना है.”

“खोल,” मी म्हणालो.

त्याने प्लग काढला. दिवा विझला, पिंप थांबला. मी पाय चालू ठेवला. तो माझ्या पायाकडे आणि मग तोंडाकडे बघून वायर खांद्यावर टाकून निघून गेला. खुर्च्या एकात एक घालायचा आवाज येत होता. माझी पोटरी दगड झाली होती. मी दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबत होतो.

नांदीत आणि पुढच्या नाटकात तिचं सगळं खर्ची पडलं होतं. उसंत घ्यावी म्हणून पाय जरा वर राहिला तरी तिचे डोळे मोठे होत होते. सकाळ-संध्याकाळ नाही, दुपार नाही, आता एकेक श्वास होता. पाय उचलून खोका गाडीत चढवायचा आणि घरी न्यायचा एवढा वेळही तिच्याकडे नव्हता. ते मला कळलं होतं. तिला माझ्याआधी कळलं होतं.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. थंड होता.

“अहो,” ती म्हणाली.

मी पाय दाबला.

“खूप छान झालं.”

दाबला.

“किमयाला सांगा.”

दाबला. बोलू नकोस म्हणून मी मान हलवली.

“आता पाय...”

तिथे श्वास संपला. ती माझ्याकडे बघत थांबली. पुढचा शब्द मला माहीत होता. तेवढा एक शब्द बोलण्यापुरतंही तिच्यात काही उरलं नव्हतं. ते मीच द्यायचं होतं.

मी पाय दाबला.

“उचला,” ती म्हणाली.

मी पुन्हा दाबला.